जेटला बसवलेला पंखा

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या जाड काचेवर मी माझ्या विमानाचे माप घेतले आणि ते मान्य केले. डाव्या आणि उजव्या बाजूंमधला सर्वांत मोठा फरक ०.३ मिलिमीटर होता. मला मुभा होती ०.५ ची.

ही मुभा कोणी दिली आणि कशासाठी, हे आधी सांगायला हवे. कारण पुढचे सगळे प्रकरण ज्यांच्या हातून घडले, ते सगळे या अर्ध्या मिलिमीटरला ‘एवढंसं तर आहे’ म्हणत राहिले.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम करते. दुसऱ्यांनी बनवलेले धातूचे भाग मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे. काम वाईट नाही. पण दुसऱ्याच्या चुका मोजण्यात निवृत्तीचे वय गाठायची माझी तयारी नाही. मला वायुगतिकीत जायचे आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हवेचा बोगदा आहे : एका टोकाचा पंखा ठरावीक वेगाने हवा ओढतो, मधल्या चौकोनी पेटीत दांड्यावर विमानाची प्रतिकृती बसवतात आणि हवा तिला किती उचलते, किती मागे ढकलते ते मोजतात. त्या बोगद्याच्या प्रमुख मॅडमना एक प्रकल्प-साहाय्यक हवा होता. मुलाखतीत त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि उलटी करून ठेवली.

“गणित येतं, दिसतंय. हाताने काही बनवता येतं?”

“येतं.”

“सगळेच येतं म्हणतात. एखाद्या जुन्या फायटर जेटचं मॉडेल घेऊन या. आमच्या बोगद्यात बसेल असं. दोन्ही बाजूंत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नको. फरक असला की मॉडेल एका अंगाला ओढ खातं आणि माझे आकडे वाया जातात. मी स्वतः मोजेन. मापात बसलं, तर जागा तुमची.”

“आणि नाही बसलं तर?”

“तर दुसऱ्याची. आणखी एक उमेदवार आहे.”

मोजणीचा दिवस ठरला ८ सप्टेंबर.

मी नॅट निवडले. पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांत लढलेले, त्या काळच्या इतर लढाऊ विमानांशेजारी अगदीच लहानखुरे दिसणारे जेट. टोकदार नाक, वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे, खांद्यापाशी बसवलेले, मागे वळलेले आणि टोकांकडे किंचित खाली झुकलेले पंख. निवड भावनेची नव्हती. पेटीचे माप ठरलेले असल्याने लहान विमान फारसे लहान करावे लागत नाही, आणि बारीक भाग मोठे राहिले की चुका कमी होतात. बोगद्याची पेटी तीनशे मिलिमीटर रुंद आहे. पंखांचा पसारा तिच्या तीन-चतुर्थांशांत मावला पाहिजे, नाहीतर भिंतींजवळची हवा मापात लुडबुड करते. खऱ्या नॅटचा पसारा ६.७३ मीटर. त्याला तीसने भागले की २२४ मिलिमीटर येतात. दुकानात एकास तीस या प्रमाणाचा तयार संच मिळत नाही. म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यापासून सुरुवात.

बदलापूर गावातल्या एका वखारीतून मी शिवणीच्या लाकडाचे दोन ठोकळे आणले. शिवण हलकी असते, सुरीला ऐकते, आणि मुख्य म्हणजे नीट सुकवलेली शिवण पावसाळ्यातही फारशी फुगत नाही. दोन्ही ठोकळे मध्ये काळा कागद घालून एकमेकांना चिकटवले. यामुळे विमानाची मधली रेषा लाकडातच अडकून राहते : कितीही तासा, घासा, रंधा मारा, नाकापासून शेपटीपर्यंत एक बारीक काळी रेघ दिसत राहते आणि डावे कुठे संपते, उजवे कुठे सुरू होते, याबद्दल वाद उरत नाही. मग पत्र्याचे साचे. विमानाच्या अंगाचे जागोजागचे आडवे छेद पत्र्यातून कापून घ्यायचे, लाकडाला लावून पाहायचे, जिथे उजेड दिसेल तिथे हात थांबवायचा, जिथे अडेल तिथे घासायचे. पंख पातळ प्लायचे, तीन थरांचे. त्यांचा खालचा झुकाव दोन्हीकडे सारखा यावा म्हणून मी विमान उलटे करून काचेवर ठेवले आणि गोंद वाळेपर्यंत पंखांच्या टोकांखाली सारख्या उंचीचे धातूचे तुकडे लावले. शेपटीत पितळेची नळी बसवली. बोगद्यातला दांडा तिच्यात जाणार होता. त्यानंतर फटी बुजवायला लांबी, घासकागद, रंगाखालचे अस्तर, पुन्हा घासकागद.

हे सगळे कारखान्यातून परतल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी. या दिवसांत आमच्या घरी जेवण जमिनीवर बसून झाले, कारण टेबल विमानाकडे होते. आईने तक्रार केली नाही असे नाही. “दुसऱ्यांच्या मुली लग्नाच्या वयात रुखवत मांडतात, आमची विमान मांडते,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पण टेबलावर कोणी पाण्याचा ग्लास ठेवला तर ओरडायचीही तीच.

सोमवारी मी कामावर असताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका घरी आले. सोसायटीचा गणपती दोन दिवसांवर होता आणि यंदाच्या देखाव्याचा विषय होता ‘आपले हवाई दल’. काकांनी टेबलावरचे विमान पाहिले. संध्याकाळी मी परतले तेव्हा काचेवर फक्त धुळीची चौकट होती.

“आई, विमान?”

“काका घेऊन गेले. नुसतं बघायला गं. डेकोरेटरला दाखवायचंय, तो थर्माकोलचं मोठं करणारे. उद्या देतो म्हणाले.”

“तू दिलंस?”

“मग काय करू? दारात उभे होते.”

या वाक्याचा अर्थ आमच्या घराबाहेरच्या माणसाला लागणार नाही. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यासमोर रोज मेणबत्ती लागते. सोसायटीत बाकीची घरे हिंदू आहेत, आणि संबंध उत्तम आहेत असे दोन्ही बाजू सांगतात. गणपतीची वर्गणी आम्ही दरवर्षी देतो, पहिल्याच दिवशी, पूर्ण. तरीही दरवर्षी वर्गणीचे पुस्तक घेऊन आलेला माणूस दारात एक क्षण घुटमळतो आणि विचारतो, “तुम्हाला चालेल ना?” प्रसादाची वाटी देतानाही तेच : “तुम्हाला चालेल ना?” प्रश्न सभ्य आहे. तो शेजारच्या दाराला विचारला जात नाही, एवढेच. या प्रश्नाला आई गेली वीस वर्षे हसून “चालतं की” म्हणत आली आहे. तिच्या मते ही आमच्या शांत राहणीची किंमत आहे.

आणि ज्या घराला शिरा देतानाही परवानगी विचारली जाते, त्या घरातून माझी तीन महिन्यांची मेहनत उचलताना तो प्रश्न कोणालाही सुचला नाही.

मी तेव्हाच खाली गेले. काका मंडपात दिव्यांच्या माळा मोजत होते.

“काका, माझं विमान.”

“अगं, ते गेलं उल्हासनगरला. डेकोरेटरच्या गोडाऊनमध्ये. माप घेतोय तो. उद्या आणून देतो म्हणालाय.”

“काका, ते खेळणं नाही. मला ते आठ तारखेला—”

“अगं हो बेटा, आईने सांगितलं सगळं, परीक्षा आहे ना तुझी? बाप्पाच्या कामाला गेलंय, पहिला नंबर येईल बघ.”

मंगळवारी संध्याकाळी ते आले नव्हते. डेकोरेटरचा फोन लागत नव्हता. काकांच्या मते सणाच्या तोंडावर कोणत्याच डेकोरेटरचा लागत नाही, आणि हे त्यांनी अशा समाधानाने सांगितले की जणू तो निसर्गनियम आहे.

बुधवारी सकाळी प्रतिष्ठापना झाली, आरती झाली आणि देखाव्यावरचा पडदा उघडला. थर्माकोलचे हिमाच्छादित डोंगर. खाली कापसाचे धुके. मूर्तीच्या डाव्या अंगाला, दोन नायलॉनच्या दोऱ्यांना टांगलेले माझे विमान, एकास तीस, चकचकीत चंदेरी रंग मारलेले. आणि त्याच्या नाकावर प्लॅस्टिकचा लाल पंखा, गरगर फिरत असलेला.

टाळ्या पडल्या.

मला समजायला थोडा वेळ लागला, कारण मी जे पाहत होते ते शक्य नव्हते. नॅट हे जेट आहे. जेट म्हणजेच पुढे पंखा नसलेले विमान. त्याचे इंजिन पोटात असते आणि त्याला ढकलणारा झोत शेपटीतून निघतो. पक्ष्याला चाके बसवावीत तसे हे होते. मी देखाव्यापुढे बांधलेल्या दोरीच्या आत गेले आणि जवळून पाहिले. नाकाचे टोक करवतीने उडवले होते. त्या सपाट कापावर खेळण्यातली मोटर गोंदाच्या गोळ्याने थापली होती आणि तिची वायर पोटाखालून चिकटपट्टीने शेपटीपर्यंत नेली होती. पितळी नळीत ती वायर कोंबली होती. भोक आयतेच मिळाले म्हणून.

डेकोरेटर बाजूलाच उभा होता, हातात चहा. पंचविशीतला, उत्साही, कामावर खूश.

“हे तुम्ही केलं?”

“हां दीदी! मस्त झालं ना? मोठं बनवायला टाइमच नव्हता. मग म्हटलं, हेच लावू. पीस एकदम झकास होता, फक्त पंखा नव्हता त्याला. कोणीतरी काढला असेल.”

“त्याला पंखा नसतोच.”

तो हसला. माझी समजूत काढावी तसा. “दीदी, पंख्याशिवाय विमान कसं उडणार?”

“पुढचं टोक कुठे आहे?”

“कुठलं टोक?”

“जे तुम्ही कापलं ते.”

“अरे वो... गोडाऊनमध्ये पडलं असेल कुठेतरी. झाडलं असेल पोराने. ते नको होतं ना, मोटर बसत नव्हती.”

तेवढ्यात काका आले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचे कळले असावे, कारण त्यांनी आधीच समजावणीचा सूर लावला.

“काय झालं बेटा? आवडलं नाही?”

“काका, हे जेट आहे. जेटला पंखा नसतो.”

“अगं, ते तुला-मला कळतं. पब्लिकला कळतं का? पंखा नसेल तर ते विमान नाही वाटत, बोंबील वाटतो. आणि देखाव्याच्या स्पर्धेत जजना काय लागतं? काहीतरी हललं पाहिजे. गेल्या वर्षी आपलं सगळं बरोबर होतं, पण हलत काही नव्हतं, म्हणून पाचव्या नंबरवर गेलो. विचार कोणालाही.”

“मला ते आत्ता खाली काढून द्या.”

काकांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. “आता कसं काढणार? प्रतिष्ठापना झाली. मखरातलं काही हलवायचं नसतं विसर्जनापर्यंत.”

“मूर्ती हलवू नये हे मला मान्य आहे. विमान मूर्ती कधी झालं?”

हे मी मोठ्याने बोलले. आजूबाजूच्या चार-सहा बायका वळल्या. त्यांच्यापैकी एकीने दुसरीकडे पाहिले, आणि त्या एका नजरेत माझा प्रश्न दुसऱ्याच प्रश्नात बदलला. आई मागून आली आणि तिने माझे मनगट धरले.

“चल वर.”

“आई, मी विमानाबद्दल—”

“तू विमानाबद्दलच बोलतेयस, मला माहितेय. यांना ते ऐकू येणार नाही. चल.”

घरात आल्यावर आम्ही भांडलो. मी म्हणाले की माझी वस्तू मोडली आहे आणि मला ती परत हवी आहे, यात धर्माचा संबंध कुठे येतो. ती म्हणाली, तू आणू नकोस, तो आपोआप येतो. मी म्हणाले, शेजारच्या मुलीने हेच मागितले असते तर? ती म्हणाली, तर तिला हट्टी म्हटलं असतं. “आणि तुला काय म्हणतील, ते तुला माहितेय. तुला नसेल म्हणायचं, पण त्यांना म्हणायला मिळेल. वीस वर्षं मी एक शब्द म्हणू दिला नाही कोणाला.”

मला तिचा राग आला. आजही मला वाटते की वीस वर्षे शब्द गिळून जी शांतता मिळते ती शांतता नसते, ती फक्त न झालेली मोजणी असते. पण तिचा हिशेब चुकीचा नव्हता, हे मान्य करावे लागते, आणि संताप तिथेच आहे. माझी हरकत अर्ध्या मिलिमीटरची होती. त्या हरकतीचा अर्थ काही शतकांचा लावला गेला असता. सात दिवस माझे विमान मंडपात पंखा फिरवत राहिले आणि मी खाली गेले नाही. बाल्कनीतून आरतीचा आवाज यायचा आणि आरती संपली की, नीट कान दिला तर, त्या मोटरची घरघर.

पंख्याने आपले काम चोख बजावले. देखाव्याला शहराच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला, ‘हलता देखावा’ या गटात. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात सत्कार होता आणि माझे नाव पुकारले गेले. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, “जा. मान देतायत, नाही म्हणू नये.” मी गेले. शाल, नारळ, गुलाबाचे फूल. काका माइकवर म्हणाले की हे सुंदर विमान आपल्याच सोसायटीच्या कन्येने बनवले आहे, सर्व धर्मांचे लोक इथे कसे एकत्र काम करतात त्याचे हे उदाहरण आहे, आणि या कामात आपल्या डेकोरेटर बंधूंनी ‘थोडा तांत्रिक बदल’ केला. मग त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. दोन शब्द.

मी म्हणाले, “हे नॅट नावाचं जेट विमान आहे. याला पंखा नव्हता. ज्यांनी हे विमान युद्धात उडवलं, त्यांच्याही विमानाला नव्हता. पंखा नंतर बसवला गेला, आणि तो बसवण्यासाठी विमानाचं नाक कापावं लागलं.”

मंडप हसला. मनापासून, प्रेमाने हसला. टाळ्या वाजल्या. खाली उतरताना काका कानाशी म्हणाले, “झकास बोललीस. तुझ्यात एवढा विनोद आहे, माहीतच नव्हतं.”

मला आयुष्यात कोणी इतके पूर्णपणे न ऐकलेले आठवत नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी विमान घरी आणून दिले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर पेढ्यांचा पुडा. “बघ, जसंच्या तसं,” ते म्हणाले. मी कागद उघडला आणि नाक त्यांच्यापुढे धरले. ते थोडे वरमले. “एवढंसं तर आहे. पाहिजे तर मी तुला बाजारातून नवीन आणून देतो. रिमोटवालं मिळतं आता, खरंच उडतं.” ते वाईट माणूस नाहीत. हे वाक्य मला या प्रकरणात इतक्या जणांनी ऐकवले आहे की मी ते स्वतःच लिहून टाकते. ते वाईट माणूस नाहीत. आणि माझ्या विमानाला नाक नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत आणि पहिल्याने दुसऱ्यात काहीही फरक पडत नाही.

मी काम सुरू केले. चंदेरी रंग जाड आणि ओघळलेला होता. तो उतरवताना खालचे अस्तरही उतरले. पंख तपासले : सुदैवाने झुकाव टिकला होता. वायर ओढून काढली तशी नळीतून गोंदाचे कण पडले, ते सुईने खरवडले. मोटर निघाली, पण तिच्याबरोबर कापाच्या कडेचे लाकूडही निघाले, म्हणून मला आणखी थोडे मागे, निरोगी लाकडापर्यंत कापावे लागले. आता नवे नाक घडवायचे होते.

त्याला शिवण हवी होती, सुकलेली. माझ्याकडचे उरलेले तुकडे फार पातळ होते. बदलापूर गावातली वखार बंद होती. मालक सणासाठी कोकणात गेला होता आणि अनंत चतुर्दशीपर्यंत परतणार नव्हता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मी दुकानामागून दुकान विचारत फिरले. तिथे प्लाय, सनमायका, सागाचा मुलामा दिलेले काहीही मिळते, शिवण म्हटले की “मॅडम, उसका क्या करोगे?” शेवटी एकाने मागच्या अंगणातून एक ठोकळा काढून दिला. शिवणच होती. हातात घेतल्याबरोबर मला कळले की ती ओली आहे. वजन जास्त, नखाने दाबली तर खूण उमटत होती. घेण्यावाचून इलाज नव्हता.

ओल्या लाकडाचा धोका हा की ते आज ज्या मापाचे असते त्या मापाचे उद्या नसते. वाळताना ते आक्रसते, आणि सगळ्या बाजूंनी सारखे आक्रसत नाही. मी ठोकळा पातळ चिरला, दिव्याखाली वाळवला, दोन भागांत कागद घालून चिकटवला, जुन्या काळ्या रेघेला नवी रेघ जुळवली. टेबल पुन्हा विमानाचे झाले. या वेळी आईने रुखवताचा विनोद केला नाही. ती समोर बसून भाजी निवडायची आणि मधूनच म्हणायची, “उजेड पुरतोय का?” एकदा म्हणाली, “मी त्यांना आत घ्यायला नको होतं.” मी म्हणाले, आत घ्यायला हरकत नव्हती, टेबलावरची वस्तू द्यायला होती. ती म्हणाली, “दोन्हीत फरक करता आला असता तर दिली कशाला असती.”

रविवारी संध्याकाळी, सात तारखेला, काचेवर मी पुन्हा मापे घेतली. नाकाचे टोक मधल्या रेषेपासून डावीकडे ०.४ मिलिमीटर. मुभेच्या आत. आई जवळ उभी होती; मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा तिने पहिल्यांदाच विचारले, “म्हणजे पास?” मी म्हणाले, आज पास. लाकूड अजून वाळते आहे.

सोमवारी विठ्ठलवाडीच्या डेपोतून बस घेतली. विमान खोक्यात, कापसात, मांडीवर. प्रयोगशाळा वातानुकूलित होती, बोगद्याच्या उपकरणांसाठी हवा कोरडी ठेवलेली. आत पाऊल टाकताच त्वचेला ते जाणवले, आणि माझ्या आधी माझ्या लाकडालाही जाणवले असणार. मॅडम एका बैठकीत अडकल्या होत्या. खोके उघडे ठेवून मला थांबायला सांगितले गेले. दुपार झाली. मी खोक्याचे झाकण लावावे का असा विचार केला आणि लावले नाही, कारण तिथल्या मुलाने ‘मॉडेल खोलीच्या हवेत ठेवा, नियम आहे’ असे सांगितले होते आणि नियम बरोबर होता.

मॅडम आल्या. त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचलले, प्रकाशाकडे वळवले, पंखांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

“हे पंख तुम्ही एकट्यांनी केले?”

“हो.”

“चांगलं काम आहे.” मग नाकापाशी अंगठा थांबला. “इथे जोड आहे.”

“मधल्या काळात त्याला पंखा बसवला होता.”

त्यांनी मान वर केली. “जेटला?”

“हो.”

“कुणी?”

“शेजाऱ्यांनी. गणपतीच्या देखाव्यासाठी. हलतं पाहिजे म्हणून.”

त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी हसू आवरले आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. “मग तुम्ही मला कळवलं का नाही? तारीख पुढे गेली असती.”

“दुसरा उमेदवार आहे म्हणाला होतात.”

“आहे. त्याचं मॉडेल शुक्रवारी मोजलं.” मग त्या म्हणाल्या, “मला वाईट वाटतंय. पण गेजला गोष्ट सांगता येत नाही.”

“मलाही ती सांगायची नाहीये. मोजा.”

त्यांनी विमान ग्रॅनाइटच्या पाटावर बसवले, नळीत दांडा घातला, मोजणीचा गेज आणला. पंखांची टोके : ०.३, जशी माझ्या काचेवर होती तशी. शेपटी : ०.२. मी त्यांच्या शेजारी उभी राहून आकडे टिपून घेत होते, कारण त्यांनी तसे सांगितले होते. मग गेजची सुई नाकाला टेकली. मॅडमनी एकदा वाचले, सुई उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा वाचले.

“तिसऱ्यांदा घेऊ?”

“दोन्ही वेळा तेच आलं असेल तर नको.”

“तेच आलं.”

मी लिहिले : नाक, डावीकडे, ०.६ मिलिमीटर.